मी, अक्काताईच्या मांडीवरचं सूप

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. माझा एक कोपरा उंदरानं खाल्लेला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणी नावं ठेवायला नको. निपाणीत बिडी वळणाऱ्या बायकांची एक गल्ली आहे, तिथं मी राहतो. तुम्ही म्हणाल, सुपाला कसलं आलंय आयुष्य? धान्य पाखडायचं आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकायचं! दुसरीकडे असेल तसं. आमच्या गल्लीतल्या सुपांना खिळा फक्त झोपण्यापुरता माहीत असतो.

माझा जन्म बुरूड गल्लीतला. खानापूरच्या बाजूनं आलेला कळक, म्हणजे बांबू, परशरामअण्णांनी चिरला, त्याच्या पातळ कांबी काढल्या, भिजवल्या आणि दारात बसून मला विणलं. तोंडात पान असल्यामुळे ते फारसं बोलत नसत. सूप पुरं झालं की त्याला एक टिचकी मारून बघत. मला टिचकी मारली आणि मान हलवून म्हणाले, "हे बेस झालंय." तेवढंच. पण माझ्या वाट्याचं पहिलं कौतुक ते, मी कसं विसरेन?

अक्काताईनं मला दहा सुपांतून निवडलं, तेव्हा ती पन्नाशीला आली होती. घरी नेल्याबरोबर तिनं भिजवलेली मेथी आणि रद्दी कागद पाट्यावर वाटले आणि तो लगदा माझ्या अंगाला फासला. मी घाबरलोच! एवढं देखणं विणकाम झाकून टाकलं म्हणून मला रागही आला. मागाहून कळलं, तंबाखूचा भुगा फटींतून गळू नये म्हणून आमच्याकडे सुपाला असंच लिंपतात. दोन दिवस उन्हात वाळलो आणि तिसऱ्या दिवशी अक्काताईच्या मांडीवर बसलो तो आजतागायत.

बिडी कशी वळतात ठाऊक आहे? टेंभुर्णीची ओली पानं पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, पानावर चिमूटभर तंबाखू घालायची, अंगठा आणि दोन बोटांत फिरवून गुंडाळी करायची, टोक नखानं आत दाबायचं आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे. वाचायला तुम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात अक्काताईच्या दोन बिड्या व्हायच्या. पंचवीस झाल्या की एक जुडी. सकाळी कारखान्याच्या सेंटरवर बिड्या घेऊन गेली की मुकादम दुसऱ्यांच्या जुड्या उकलून तपासायचा, हिच्या नुसत्या डोळ्यांखालनं घालायचा. "आक्काच्या मालाला काय बघायचं!" म्हणायचा. ते ऐकून मीच फुगून बसायचो.

चांगले दिवस आम्ही पाहिले. लेक मंगल बेळगुंदीला दिली, तिचं पहिलं बाळंतपण इथं झालं आणि पाचवीच्या दिवशी ते बाळ माझ्यात निजवलं. त्यानं मला ओलं केलं. तंबाखूवाल्या सुपात बाळ नको म्हणून आधी अक्काताईनं मला तीन वेळा घासून घेतलं होतं, ते सगळं पाण्यात गेलं. पण खरं सांगतो, मला राग आला नाही.

मग तीन वर्षांपूर्वी भावकूआप्पांच्या अंगावरून वारं गेलं. भावकूआप्पा म्हणजे अक्काताईचा नवरा. उजवा हात आणि उजवा पाय एकदम गार पडले. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खाटेवर असतात. डोकं शाबूत आहे, डावा हात चालतो, जीभ तर पूर्वीपेक्षा जास्त चालते. अक्काताई त्यांना उठवते, बसवते, भरवते, आणि मधल्या वेळात मला मांडीवर घेऊन बिड्या वळते. दोघांचं पोट दोन गोष्टींवर चालायचं. एक बिडीची मजुरी आणि दुसरं रेशनचं धान्य. मजुरीत भाजी, तेल, गोळ्या. तांदूळ मात्र रेशनचाच.

आता दुखणं तिथंच सुरू होतं.

आमचं रेशन दुकान गुंडूअण्णांचं. तिथं टेबलावर काड्यापेटीएवढी एक काच आहे. त्या काचेवर अंगठा ठेवायचा, रेघा जुळल्या की हिरवा दिवा, मग तांदूळ. न जुळल्या की लाल दिवा. मी ते यंत्र नंतर एकदाच पाहिलं, पण त्याच्याबद्दल एवढं ऐकलंय की तोंडओळख व्हायच्या आधीच आमचं वैर झालं होतं.

कारण असं की आमच्या गल्लीतल्या बायकांच्या अंगठ्याला रेघाच नाहीत. ओली पानं, तंबाखू आणि दोरा दिवसाला हजार वेळा अंगठ्यावरून फिरला तर काय राहणार? अक्काताईचा अंगठा तर साल काढलेल्या शेंगदाण्यासारखा गुळगुळीत झालेला. मी त्याच्या सगळ्यांत जवळ असतो, मला विचारा ना!

पूर्वी दोन-चार वेळा लाल दिवा लागून एकदा तरी हिरवा लागायचा. बायकांनी त्याच्यावर हजार उपाय शोधले होते. कुणी अंगठ्याला खोबरेल लावे, कुणी लिंबू चोळे, कुणी तो डोक्याच्या केसांत फिरवून मग काचेवर ठेवी. पण या वर्षी अक्काताईचा हिरवा दिवा बंदच झाला. एक महिना गेला. दुसरा गेला. गुंडूअण्णा म्हणायचे, "स्वल्प थांबा की वो आक्का, सर्वर न्हाय." स्वल्प म्हणजे कानडीत थोडं. ते थोडं काही संपेना.

तिसऱ्या महिन्यात शेजारची जयाबाई दुकानातून आली ती धापा टाकत. जयाबाईचं आणि अक्काताईचं अंगण एकच, दोघी रोज समोरासमोर बसून वळतात. ती म्हणाली, "आक्का, कागद लागलाय दुकानात. ह्या म्हैन्याच्या आखेरपतोर घरातल्या एकाचा तरी अंगठा लागला न्हाय, तर कार्डच बंद करत्यात."

"बंद म्हंजे?" अक्काताईचा हात थांबला. माझ्यात अर्धी वळलेली बिडी सुटून पडली.

"म्हंजे बंद. तांदूळ न्हाय, काय न्हाय."

डोळ्यांवरून ओळख पटवायचं दुसरं एक यंत्र होतं म्हणे, पण ते दुकानात आल्यापासून बिघडलेलंच. मोबाईलवर आकडे मागवायचे तर मोबाईल यांच्याकडे नाही. शेजाऱ्याचा नंबर जोडू म्हटलं, तर नंबर जोडायलाही आधी अंगठाच लागतो! ही गंमत कुणाला सुचली देव जाणे. मंगलचं नाव सासरच्या कार्डात गेलेलं. म्हणजे घरात अंगठे उरले दोनच, अक्काताईचा आणि भावकूआप्पांचा.

आप्पांच्या डाव्या अंगठ्याच्या रेघा चांगल्या ठसठशीत होत्या. जयाबाई त्यांच्याकडे वळली. "मामा, तुमास्नी न्हेऊया की दुकानात! केळीवाल्या शामूची हातगाडी हाय, धा मिनटांचं काम."

आप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. मित्रांनो, त्यांचाही एक इतिहास होता. सरकारी धान्याच्या गोदामात त्यांनी तीस वर्षं हमाली केली होती. हेच रेशनचं धान्य, हीच पोती, लॉरीतून गोदामात आणि गोदामातून लॉरीत, सगळी त्यांच्या पाठीवरून गेली होती. सगळ्या बाजारात त्यांच्या पाठीचं नाव होतं.

"जन्मभर मी पोती न्हेली," ते भिंतीला म्हणाले. "आता मला पोत्यागत न्हेनार व्हय भर बाजारातनं? त्या परास उपाशी मरतो."

"तुमी मरशीला, पर तिचं काय?" जयाबाई बोलून गेली.

अक्काताईनं तिला डोळ्यांनी दटावलं. "ऱ्हाऊ दे गं. त्यांच्या मनाला लागंल असं कशाला? माझा अंगठा हाय की."

मला तेव्हा आप्पांचा फार राग आला. नवऱ्याची लाज राखायला बायको आपलं कातडं झिजवते आणि हा गडी भिंतीशी बोलतो! पण मी पडलो सूप. पाखडता येतं, भांडता येत नाही.

मग युक्ती निघाली. गुंडूअण्णांनीच सांगितलं होतं, अंगठ्याला पंधरा-वीस दिवस बिडी लागू दिली नाही तर रेघा परत येतात. तूप लावायचं, पाण्यात हात घालायचा नाही, भांडी घासायची नाहीत. ऐकून अक्काताई हसली. "पंधरा दिस बिडी न्हाय? आठ दिस माल पोचला न्हाय तर मुकादम पानं द्यायचं बंद करतोय. तांदळापायी मजुरी घालवू आन् मजुरीपायी तांदूळ!"

 जयाबाईनं आपल्या सुपातली एक जुडी उचलली आणि माझ्यात टाकली. मग ती गल्लीत फिरली. संध्याकाळपर्यंत अकरा बायका येऊन गेल्या आणि प्रत्येकीनं एकेक जुडी माझ्यात टाकली. आमच्या गल्लीची ही जुनी रीत आहे. कुणी बाळंतीण झाली, कुणी तापानं पडली, की बाकीच्या तिच्या सुपात जुडी टाकतात आणि तिचा माल सेंटरवर पोचवतात. ना कुणी बोलून दाखवत, ना कुणी आभार मानत. एवढंच म्हणतात, "हिच्या सुपात घातली."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगात जी ऊब आली तशी बाळ निजवलं तेव्हाही आली नव्हती. अक्काताईच्या वाटणीची पानं आणि तंबाखू बायका वाटून नेऊ लागल्या आणि रोज जुड्या आणून घालू लागल्या. जयाबाईची सून तर येऊन भांडीही घासून जायची. अक्काताई अंगठ्याला तूप लावून, वर चिंधी गुंडाळून, रिकामी बसायची. तीस वर्षांत ती अशी बसली नव्हती. तिचे हात मांडीवर नुसते वळवळायचे. चौथ्या दिवशी तिनं चिंधी सोडून अंगठा खिडकीतल्या उजेडात धरला. "आवं, बगा की, रेघ दिसतीया का?"

आप्पांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "दिसतीया. बारीक."

सगळं सुरळीत झालं असतं. पण अक्काताईनं एक घोळ घातला. असला घोळ आमच्याच गल्लीतली बाई घालू शकते.

तुम्हाला माहीत नसेल, सूप उसनं नेलं तर ते रिकामं परत द्यायचं नाही असं आमच्याकडे मानतात. चार दाणे का होईना, घालूनच द्यायचं. अक्काताईच्या हाडीमाशी हे भिनलेलं. अकरा जणींच्या जुड्या रोज आपल्या सुपात पडतात आणि आपण त्यांना काहीच देत नाही, हे तिला गिळवेना. बाळंतीण असती, तापानं फणफणली असती तर गोष्ट वेगळी. ही तर धडधाकट, नुसती अंगठा सांभाळत बसलेली! पाचव्या दिवशी दुपारी आप्पांचा डोळा लागला, गल्ली सामसूम झाली आणि तिनं आपल्या वाटणीतून बाजूला काढून खाटेखाली दडवलेली पानं आणि तंबाखू काढली. चिंधी सोडली. मला मांडीवर घेतलं.

"नको गं बाई, नको," मी जीव तोडून ओरडलो. पण सुपाचा आवाज कुणाला ऐकू येतो?

दुपारच्या दोन तासांत ती सात-आठ जुड्या वळायची. बायका नळावर पाण्याला गेल्या की गुपचूप जाऊन एकेकीच्या सुपात जुडी ठेवून यायची. आज हिच्या, उद्या तिच्या. जयाबाई संध्याकाळी गोंधळून म्हणायची, "आक्का, माझं काय डोकं फिरलंया का बग, रोज माझ्या बिड्या वाढत्यात!" आणि अक्काताई पदर तोंडाला लावून हसायची. मलाही हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? पण तिच्या अंगठ्यावर उगवलेली ती बारीक रेघ रोज दुपारी थोडी थोडी पुसली जात होती आणि ते मला एकट्यालाच दिसत होतं. तिच्याही ध्यानात आलं असणार. तूप लावते आहे ना, चालून जाईल, असं तिनं मनाला समजावलं असेल.

महिन्याचा शेवटचा दिवस उद्यावर आला. सकाळी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, अंगठा पदरात झाकून अक्काताई दुकानात गेली. सोबत जयाबाई. मी घरी खिळ्यावर. पुढचं सगळं मी जयाबाईच्या तोंडून ऐकलं. लाल दिवा. पुन्हा लाल. दहाही बोटं लावून झाली. गुंडूअण्णांनी स्वतःच्या रुमालानं काच पुसली, तरी लाल.

दोघी परत आल्या. अक्काताईनं चेहरा हसरा केला आणि आप्पांना म्हणाली, "सर्वर न्हवता. उद्या बगू."

पण जयाबाई काही गप्प बसणारी नव्हे. तिनं अक्काताईचा हात धरला आणि अंगठा नाकाशी नेला. "आक्का, पंधरा दिस तू बिडीला हात लावला न्हाईस न्हवं? मग ह्यो ताज्या तंबाखूचा वास कशाचा? ह्यो दोऱ्याचा वळ कसला?"

अक्काताईनं हात सोडवून पदराखाली घेतला.

"तू वळलीस! माझ्या सुपात जुड्या तूच ठेवत हुतीस! अगं आक्का, आमी कशापायी घातल्या तुझ्या सुपात?"

"मग काय करू?" अक्काताईचा आवाज फुटला. "अकरा जणींनी माझं सूप भरायचं आन् मी त्यांची रिकामी ठेवायची? मला न्हाय जमत जया. मला न्हाय जमत."

जयाबाई आधी रागानं लाल झाली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती मटकन खाली बसली.  

आप्पा खाटेवरून हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "अगं, हिकडं ये."

अक्काताई गेली. त्यांनी डाव्या हातानं तिचा अंगठा धरला आणि पाहिला. एका जागी कातडं फाटून लाल झालं होतं. मग त्यांनी तो सोडला.

"जया," ते म्हणाले, "शामूला सांग, उद्या सकाळी केळी उशिरा लाव म्हणावं. गाडी पाहिजे हाय मला."

दुसऱ्या दिवशी शामूनं हातगाडी धुऊन आणली. तिच्यावर वाकळ अंथरली, चौघींनी मिळून आप्पांना उचलून बसवलं, पाठीला उशी लावली. गाडी हलणार तोच ते म्हणाले, "थांबा. ते सूप द्या हिकडं."

मला वाटलं, ऊन लागू नये म्हणून. पण त्यांनी मला डाव्या हातानं तोंडासमोर धरलं. बाजारात कुणी ओळखू नये म्हणून, मित्रांनो, त्या माणसानं माझ्याआड तोंड लपवलं. इतकी वर्षं मी तांदूळ पाहिला, तंबाखू पाहिली, बाळ पाहिलं, पण पुरुषाचा रडवेला चेहरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. आदल्या दिवसापर्यंतचा माझा सगळा राग तिथंच विरघळला.

गाडी निघाली. शामू ओढतोय, अक्काताई एका बाजूला, जयाबाई दुसऱ्या बाजूला. कोपऱ्यावरच्या बायकांनी विचारलं, "कोन गं जयाबाई?"

"नवरदेव हाय!" जयाबाई म्हणाली. "तोंड दावायला लाजतोय!"

बायका हसल्या. माझ्यामागं आप्पांनी दात ओठ खाल्ले. पुढं चहाच्या गाड्याजवळ एक म्हातारा हमाल बसला होता. त्यानं आप्पांचा लुळा पाय पाहिला, अक्काताईला पाहिलं आणि कपबशी खाली ठेवून उठलाच.

"आरं, भावक्या का काय रं त्यो?"

 आवाज आप्पांनी लगेच ओळखला. तो ज्योतिबा, गोदामातला त्यांचा जोडीदार.

"भावक्या, लेका! मला वाटलं तू गेलास! कुणी काय सांगत न्हाय, तू तर दिसत न्हाईस. तीन वरसं झाली रं!" ज्योतिबा गाडीला धरून रडायलाच लागला.

तेव्हा आप्पांनी मला हळूच खाली घेतलं आणि मांडीवर ठेवलं. "आजून न्हाय गेलो," ते म्हणाले. "रेशनला चाललोय. येतोस काय?"

ज्योतिबा आला. नुसता आला नाही, शामूला बाजूला सारून त्यानं गाडीचा दांडा धरला. दुकानापर्यंत पोचेतो बाजारातली पाच-सहा माणसं तरी थांबून "आप्पा, बरं हाय न्हवं?" असं विचारून गेली. हसलं कुणीच नाही.

दुकानासमोरच्या रांगेनं वाट दिली. गुंडूअण्णांनी यंत्र वायरीसकट बाहेर ओढून गाडीवर आणलं. तोच तो माझा वैरी. दिसायला अगदीच किरकोळ निघालं. आप्पांनी डावा अंगठा ठेवला. लाल. अक्काताईनं डोळे मिटले. जयाबाईनं पदरानं आप्पांचा अंगठा पुसला, पुन्हा ठेवला.

हिरवा!

रांगेतल्या बायका अशा ओरडल्या की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. अक्काताईला हसावं का रडावं कळेना. कार्ड वाचलं होतं, तांदूळ मिळणार होता. गुंडूअण्णांनी दोघांच्या वाट्याचे वीस किलो तांदूळ काट्यावर तोलले, पिशवीत भरले आणि पिशवी गाडीवर ठेवू लागले.

"मांडीवर ठेव," आप्पा म्हणाले.

मला बाजूला करून पिशवी त्यांच्या मांडीवर बसली. त्यांनी डाव्या हातानं ती जराशी उचलली, सोडली, पुन्हा उचलली.

"गुंडू, ह्ये वीस न्हाय. आठरा हाय."

"मामा, काटा वीस दावतोय की!"

"काट्याला काय दावायचं ते दावू दे. मी तीस वरसं उचललंय. आठरा हाय."

ज्योतिबानं पिशवी हातात घेतली आणि मान हलवली. शेजारच्या किराणा दुकानातला काटा आणला. तोलली. अठराला काटा थांबला. रांगेत जी कुजबूज उठली ती मी सांगत बसत नाही.

गुंडूअण्णा स्टुलावर बसले. त्यांचं तोंड उतरलं होतं. "मामा, मी खाल्लेलं न्हाय. पन्नासचं पोतं वरनंच पंचेचाळीसचं येतंय. मी कुठनं भरू? काटा जरा सरकवून ठेवलाय, सगळ्यांना थोडं थोडं कमी."

"मला ठाव हाय गुंडू. ती पोती माझ्याच पाठीवरनं येत हुती. कुठं हलकी हुत्यात त्ये मला इचार." आप्पा मोठ्यानं बोलत नव्हते, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "तवा मीबी गप बसलो, त्ये माझं चुकलं. पर कमी आलं तर वर जाऊन सांगायचं, का ह्या बायांच्या पिशवीतनं काढायचं? ह्यांच्या हातांकडं बग की रं जरा."

गुंडूअण्णांनी खरंच पाहिलं. समोर अक्काताईचाच हात होता, पिशवीवर ठेवलेला. त्यांनी उठून काटा सरळ केला आणि पिशवीत दोन किलो तांदूळ घातले. त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक बाईनं आपली पिशवी आधी आप्पांच्या मांडीवर ठेवली आणि मगच घरी नेली. आता तो दर महिन्याचा शिरस्ताच झाला आहे. शामू गाडी आणतो, ज्योतिबा ढकलतो. पोती उतरताना दारातच तोलतात आणि कमी भरली तर गुंडूअण्णा बायकांना सोबत घेऊन तालुक्याला जातात. कधी दाद लागते, कधी नाही. अक्काताईचा अंगठा यंत्राला आजही पटत नाही, आणि डोळ्यांचं यंत्र अजून बिघडलेलंच आहे.

पण मला सांगायची आहे ती त्याच दुपारची गोष्ट. घरी आल्यावर अक्काताईनं तांदूळ माझ्यात ओतले आणि खडे निवडू लागली. जयाबाई समोर बसून मदत करत होती. आप्पा खाटेवर. मध्येच अक्काताई म्हणाली, "सरकारला माझा अंगठा न्हायच वळखू आला बगा. मी म्हंजे मीच हाय हे मला सांगता आलं न्हाय."

"मला येतोय की वळखू," आप्पा म्हणाले.

"व्हय तर! लागलं बोलायला," जयाबाई हसली. "डोळं मिटा बगू. मिटा."

आप्पांनी डोळे मिटले. जयाबाईनं ओठांवर बोट ठेवून अक्काताईला गप्प केलं आणि स्वतःचाच अंगठा त्यांच्या डाव्या हातात दिला. तोही बिडीनं झिजलेला, तसाच गुळगुळीत.

त्यांनी तो एकदाच चाचपला. "ह्यो न्हाय. ह्यो जयाचा."

जयाबाईचं तोंड उघडंच राहिलं. मग अक्काताईनं तांदळाचे हात झाडले आणि भीत भीत आपला अंगठा पुढं केला. आप्पांनी तो मुठीत धरला आणि सोडलाच नाही.

"ह्यो," ते डोळे मिटूनच म्हणाले. "तीन वरसं ह्योच घास भरवतोय मला. ह्यो न्हाय वळखू आला तर मी कशाला जगतोय?"

महिनाभर एक टिपूस न काढलेली अक्काताई तेव्हा रडली. माझ्यातल्या तांदळावर तिची आसवं पडली आणि जयाबाई चूल पेटवायचं निमित्त करून उठून गेली.

मित्रांनो, माझं आता काय, कोपरा गेलाय, एक-दोन पावसाळे निघतील. पण तुम्ही शिकाल, मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणीतरी असली यंत्रं बनवेल, कुणी त्यांच्यामागं खुर्चीवर बसेल. समोर एखादी म्हातारी येईल, अंगठा ठेवेल आणि लाल दिवा लागेल. तेव्हा 'उद्या या' म्हणू नका. यंत्र बाजूला सरकवा, तिला बसायला स्टूल द्या आणि विचारा, "आक्का, तुम्ही काय काम करता?"

आणि ती सांगेपर्यंत तिचा हात हातात धरून बसा.